शनिवारची कणीक

माघातल्या एका शनिवारी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. मनगटाचं प्लास्टर नुकतंच काढलेलं, हात फिकट पडलेला. डॉक्टर चित्रेबाईंनी आम्हा दोघांपुढे कणकेचा एकेक गोळा ठेवला.

"दाबत राहा. गप्पा मारल्या तरी चालतील."

"मी मधु," तो म्हणाला. "ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर. शिडीवरून पडलेलो. तू?"

"मालन... कळव्याची. मी... जन्मापासून अशीच."

बोलताना माझे शब्द लांबतात, ओठ वाकडे होतात. लोक घाईने माझं वाक्य पुरं करून टाकतात. तो मात्र थांबला. कणीक दाबत, माझ्याकडे बघत... शेवटी मीच नजर खाली वळवली.

माझा उजवा हात छातीशी दुमडलेला, उजवा पाय ओढत मी चालायचे. गावात कुणी बाहेरची बाधा म्हणे, कुणी वेडी. बाई मुंबईहून दर शनिवारी यायच्या. त्यांनीच बाबांना पहिल्यांदा नीट सांगितलं होतं, "याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्मताना मेंदूला इजा झाली. पोरगी हुशार आहे. हात पूर्ण बरा होणार नाही, पण कामाला येईल." मग माझ्याकडे वळून, "कुठल्या कामाला, ते तू सांग."

असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

"वेणी," मी म्हणाले. "माझी... मला घालायचीय."

त्यांनी हातासाठी चामड्याची पट्टी बनवून घेतली. माझी आखडलेली बोटं हलकेच कशी उलगडायची, ते आईला शिकवलं. आणि दर शनिवारी कणीक.

"तुझा गोळा कसा सुबक," मधु म्हणायचा. "माझ्याची बघ, गोवरी झाली."

"तू... मुद्दाम बिघडवतोस."

"मग काय करू? चांगला झाला तर बाई घरी बसवतील."

खिडकीतून मासुंदा तलावावरचा वारा आत यायचा. घरी परतताना, खाडी ओलांडताना, तो वारा अजून माझ्या गालांवरच असायचा... आठवडाभर पुरायचा.

चैत्र लागला. बाईंनी त्याचं मनगट फिरवून पाहिलं. "हे केव्हाच बरं झालंय. आता यायचं कारण नाही, मधु."

"कारण आहे, बाई." त्याचे कान लाल झाले.

बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या.

"तुझा हात... बरा झाला," मी म्हणाले. "माझा नाही होणार. कधीच."

"ठाऊक आहे मला."

"आणि उद्या... कंटाळलास तर?"

"तर सांगेन, कंटाळलोय, चल जरा फिरून येऊ." त्याने कणीक बाजूला ठेवली. "भीती मलाही वाटते, मालन. पण तुझ्याशिवायच्या शनिवारची जास्त वाटते."

पुढच्या शनिवारी तो बाबांनाच भेटला आणि त्याने मला मागणी घातली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला घेऊन तडक बाईंसमोर उभे राहिले.

"बाय, हिचा लगीन व्हल का? पोरां पन अशीच झाली तर?"

"हे रक्तातून उतरत नाही, राघोबा. बाळंतपण जपून करावं लागेल, ते मी बघेन. बाकीचं मालनला विचारा."

"ती काय सांगनार?"

"विचारून तर बघा."

सगळे माझ्याकडे वळले आणि जीभ टाळ्याला चिकटली. बाबा माझ्या वतीने बोलायला सरसावले, तसा बाईंनी हळूच हात वर केला. कुणालाच घाई नव्हती.

"मला," मी म्हणाले, "मधु... हवाय."

 बाबा मधुला म्हणाले, "ठाकुर्लीला घर हाय?"

"भाड्याचं बघून ठेवलंय. एकही पायरी नाही."

बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे वळले आणि मलाच विचारलं, "घर बघाला कवा जाव?"