सीटचा साचा

रेसच्या गाडीची सीट दुकानातून आणून बसवत नाहीत, ती चालकाच्या अंगावर बेततात. गाडीच्या सांगाड्यात प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरायची, तिच्यावर चालकाला बसवायचं आणि पिशवीत दोन पातळ रसायनं एकत्र करून ओतायची. ती फसफसून फुगतात, पाठीभोवती, कमरेभोवती, मांड्यांभोवती कोमट कोमट चढतात आणि थोड्या वेळात घट्ट होतात. तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही. हलला की साचा वाया.

ताईला हे ठाऊक होतं, कारण दर हंगामाला भाऊ घरी येऊन याच गोष्टीवर कुरकुर करायचा. लहानपणापासून एका जागी बसणं त्याला कधी जमलंच नाही, म्हणून तर सगळे त्याला भिंगरी म्हणत. आज मात्र ती स्वतः वर्कशॉपमध्ये आली होती. हौसेनं नव्हे, नाइलाजानं. भिंगरीला एकट्याला गाडीत उतरता येत नव्हतं. आणि ज्याला गाडीत उतरता येत नाही, त्याला हे लोक शर्यतीत उतरवायला निघाले होते.

गेल्या हंगामात मागून धडक बसून त्याची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हा डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं. डॉक्टरांनी आत पोलादी सळई घालून मांडी सरळ केली. पण तो पाय जमिनीवर टेकवला ताईनं. ती शाळेत खेळ शिकवते. बिनपगारी रजा काढून तिनं सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडून व्यायाम करून घेतला, त्याचं ओरडणं ऐकलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, वर त्याला दोन दिल्या. त्या मांडीचा कण न् कण तिच्या हातांना पाठ होता. टीमच्या डॉक्टरनं मात्र टेबलाच्या पलीकडूनच पाय पाहिला आणि फिट म्हणून मोकळा झाला.

"हाड जुळलंय, ताई," मालक म्हणाले. टीम त्यांची, गाडी त्यांची, आवाज साखरेत घोळलेला. "उगाच काळजी करताय."

"हाड जुळलं म्हणजे पाय झाला का? जिना चढताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं."

"त्यालाच विचारा की."

भिंगरीला विचारणं म्हणजे मांजरालाच दूध राखायला सांगणं. तो एव्हाना गाडीच्या काठाला हात लावून उभा होता. इतक्या महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं नव्हतं. ते हसू पाहून ताईला अधिकच राग आला. याच लोकांनी त्याच्या जागी दुसरा चालक घेतला होता, तेव्हा त्यांना फोन करून चौकशी करायला फुरसत नव्हती. दुसरा सोडून गेला, तशी लगेच भिंगरीची आठवण आली.

टीमचा मुख्य मेकॅनिक वयानं मोठा होता, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्यानं आणि ताईनं दोन्हीकडून धरून भिंगरीला सांगाड्यात उतरवलं. मिस्त्रीनं रसायनं ओतली. औषधाच्या दुकानासारखा वास सुटला. पिशवी हळूहळू फुगत वर आली. भिंगरीनं डोळे मिटले आणि तो खरंच पुतळ्यासारखा बसला.

फेस घट्ट झाल्यावर त्याला बाहेर काढलं, साचाही उचलून बाकावर ठेवला. मिस्त्री साच्याकडे बघत राहिला.

"हललास तू."

"नाही हललो."

पाठीचा खळगा नीट होता. उजव्या मांडीची पन्हळ सरळ होती. डाव्या मांडीची पन्हळ मात्र अर्ध्यापर्यंत सरळ येऊन तिथून बाहेरच्या बाजूला वळली होती. ताईनं आत बोट फिरवलं. ते वळण तिनं पूर्वी पाहिलं होतं, हॉस्पिटलमधल्या पहिल्या एक्स-रेवर. सळई घालण्याआधीच्या.

"हवेचा फुगा आला असेल," मालक म्हणाले. "परत ओता."

दुसऱ्यांदा ताईनं गाडीत वाकून स्वतः त्याचा गुडघा धरला. फेस तिच्या मनगटापर्यंत चढला. तिच्या हाताखालचा पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत जिथल्या तिथे होता, याबद्दल तिनं कुठंही शपथ घेतली असती. साचा बाहेर आला. डावी पन्हळ त्याच जागी, तेवढीच वळलेली होती. आता त्या वळणाच्या टोकाला एक बारीक कंगोराही उठला होता, हाडाचं टोक आतून कातडीला टेकावं तसा.

मिस्त्रीनं तो पहिल्या साच्याशेजारी ठेवला. कोपऱ्यात हवेचा पंप तेवढा चालू होता.

ताईच्या मनात पाल चुकचुकली. ती सांगाड्याभोवती एक फेरी मारून आली. डाव्या बाजूला रंग नवा होता, पण त्याखालचा पृष्ठभाग तळहाताला किंचित उंचसखल लागत होता.

"ही गाडी नवी आहे ना?"

"नवीच," मालक म्हणाले.

"मिस्त्री, तुम्ही सांगा."

मिस्त्रीनं हात पुसायला फडकं घेतलं. हात स्वच्छच होते. "सांगाडा तोच आहे, ताई," तो म्हणाला. "डावी बाजू कापून नवी जोडलीय. जोड पक्का आहे, मी स्वतः तपासलाय."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जी गाडी कापून याला बाहेर काढलं, तीच रंगवून परत याच्या अंगाखाली घालताय? लाज कशी वाटत नाही तुम्हाला? तुमच्या घरचा कोणी असता तर बसवला असता?"

"ताई, गप्प बस," भिंगरी म्हणाला. "मला माहीत होतं."

ती त्याच्याकडे वळली.

"दुसरी गाडी नाहीये त्यांच्याकडे. ही नाही तर काहीच नाही. मी काय करू घरी बसून? तुझ्याकडून पाय चोळून घेऊ?"

इतक्या महिन्यांच्या श्रमांचं हे बक्षीस. ताईला रडू आलं, पण या लोकांसमोर रडायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं. तिनं सगळा राग मालकांवर काढला. "एवढा भरवसा आहे ना? मग तुम्ही बसा. तुमचा साचा काढा. बघू तरी."

मालक हसले. पण मिस्त्री हसला नाही, वर्कशॉपमधली बाकीची पोरंही हसली नाहीत. तेव्हा त्यांनी कोट काढला, सुटलेलं पोट सावरत सांगाड्यात बसले आणि म्हणाले, "ओत रे."

फेस घट्ट होईपर्यंत ते एकसारखे बोलत होते. त्यांना ओढून काढायला चार माणसं लागली. मालक आपल्या पायांवर खणखणीत उभे राहिले.

मग साचा काढला.

तो मालकांचा नव्हता. त्यात पोट मावलं नसतं. अरुंद कंबर, बारीक पाठ, उजवी मांडी सरळ. डावी वळलेली.

मालकांनी कोट घातला. बटण लावायला त्यांना वेळ लागला. "घासून सरळ करा ते," असं सांगून ते साच्याकडे न बघता ऑफिसमध्ये निघून गेले.

"घासायची गरज नाही," भिंगरी म्हणाला.

"काय?" मिस्त्रीनं विचारलं.

"माझ्याच मापाचा आहे. ठेवा आत, बसून बघतो."

"भिंगऱ्या, बसलास तर माझं तुझं नातं संपलं," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती असं बोलली होती, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. मिस्त्री जागचा हलला नाही. भिंगरीनं स्वतःच साचा उचलून सांगाड्यात बसवला.

मग काठावर हात टेकून तो आत उतरला. एकटाच. कोणाचाही आधार न घेता.

तो खाली सरकला, बसला, आणि त्याचे खांदे सैल पडले. अपघातानंतर त्याच्या कपाळावर एक आठी कायमची वस्तीला आली होती. ती गेली.

"ताई," तो म्हणाला, "इकडे ये."

ती गेली. न जाऊन सांगते कोणाला. तिनं आत हात घातला आणि नेहमीच्या सवयीनं त्याच्या डाव्या मांडीवरून फिरवला, कमरेकडून खाली.

अर्ध्यावर तिचा हात बाहेरच्या बाजूला वळला.

कपड्याखाली काहीतरी टोकदार होतं.

"बघ," भिंगरी हसत म्हणाला, "जरासुद्धा दुखत नाहीये."