एका चुलीवरचे लोक

मी साथरोगतज्ज्ञ. घरचे मला डॉक्टर म्हणतात, पण मला एका माणसाचा ताप बघता येत नाही. एक लाख माणसांचा बघता येतो. सध्या परदेशातल्या तीन संस्था आणि आम्ही मिळून रक्तदाबाचा अभ्यास करतोय. माझ्या वाट्याला कळसाडी हे गाव. दर सहा महिन्यांनी त्याच घरांत जायचं, दंडाला पट्टा बांधायचा, आकडे टॅबमध्ये भरायचे.

गजराबाईंचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवतो. त्या जेवायचा आग्रह करतात, आणि सहभागींच्या घरी जेवणं आमच्या नियमात बसत नाही.

त्यांचे यजमान, हिलाल आप्पा, दिवाळीत गेले. मार्चमध्ये मी त्यांच्या नावापुढे ‘मृत’ भरायला आलो होतो.

"पहिले त्यासनं," म्हणत गजराबाईंनी पट्टा आप्पांच्या रिकाम्या आरामखुर्चीच्या हाताला बांधला.

मी बांधू दिला. लाकडाला कसला आलाय रक्तदाब. यंत्र घुरघुरलं, थांबलं. नाडीचे ठोके : छत्तीस.

सेल बदलले. छत्तीस. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीला बांधला. एरर.

मग गजराबाईंच्या दंडाला. गेल्या खेपेला बहात्तर होते. आता छत्तीस, बरोबर निम्मे.

"मावशी, इतक्या कमी ठोक्यांवर माणूस कोसळतो. नंदुरबारला चला, आत्ता."

"चक्कर येस ना. पन आठे यासले कोन देखी?" खुर्चीकडे बघत त्या भिंत धरून उठल्या. ओठ निळसर दिसत होते.

आमच्या ऑफिसातल्या स्वप्नालीला फोन केला. ती सगळे आकडे तपासते.

"खुर्चीची नाडी?" ती म्हणाली. "भाग्येश, उन्हात टोपी घालत जा."

गजराबाईंनी तीन ताटं घेतली. कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. एक ताट खुर्चीपुढे.

"दर खेपले तूच इचारस ना, एक चूलवर कितला जन जेवतस? तितला एक घरना. मंग तू बी जेव. आमना व्हई जाय."

कुटुंबाची ही व्याख्या आमचीच होती. माझे ठोके बहात्तर. मी क्षणभर गणित केलं, त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि मांडी घातली.

जेवण झालं तेव्हा खुर्चीपुढची भाकरी मोडलेली होती. कोणी मोडली ते पाहिलं नाही. मी ठेच्याने रडत होतो.

पुन्हा मोजलं.

खुर्ची, अठ्ठेचाळीस.

गजराबाई, अठ्ठेचाळीस. भिंत न धरता उठल्या.

मी, अठ्ठेचाळीस.

पाय गार पडले होते. पण इतका स्वच्छ डेटा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"बरं वाटतंय, मावशी?"

"वाटस. पन आखो थोडं पाहिजे." माझ्या पाठीवरून हात फिरवला त्यांनी, आईसारखा. "ती फोनवरनी पोर, एकलीच जेवस का?"

मी स्वप्नालीला पुन्हा फोन लावला. उद्या कळसाडीला ये म्हटलं, आकडे स्वतःच तपास.

"येते. डबा आणू?"

"नको. इथेच जेवू. बरं, तुझे ठोके साधारण किती असतात गं?"

"ऐंशी. का रे?"

खुर्ची किंचित करकरली. टॅबवर मी कुटुंबातील सदस्यसंख्या चार केली आणि भागाकार करून पाहिला.

छप्पन्न.