आठवा धडा रिकामा होता

ही गोष्ट माझ्या धाकट्या जावेची, तुळसाची. खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. चौथीतून शाळा सोडलेली बाई मी, रचून लिहायला मला येत नाही.

आमच्या घरात भगत नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरचीसुद्धा नाही. विहारात जाणारी माणसं आम्ही. भुताखेताचं नाव काढणाऱ्याला मी स्वतः दारातून हाकललंय.

म्हणूनच सांगते.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. गाव चौल. रात्र नव्हती, कुत्रं रडत नव्हतं. दुपारचा एक वाजलेला आणि अंगणात लख्ख ऊन...

तुळसाची एकुलती एक लेक प्रज्ञा. अलिबागच्या एका संस्थेत नोकरीला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी मोबाईलवरचे धडे बनवायची. शिकवतानाचा व्हिडिओ काढायचा, तो अभ्यासक्रमात चढवायचा, खाली दोन प्रश्न टाकायचे. पण लगेच सगळ्यांना दाखवायचा नाही. आधी लपवून ठेवायचा आणि एका विद्यार्थ्यावर तपासून बघायचा. त्यानं सगळे धडे पूर्ण केले की मगच अभ्यासक्रम खुला.

तपासायचा विद्यार्थी म्हणून प्रज्ञानं आईचंच नाव घातलं.

"मीच घावले व्हय तुला?" तुळसानं विचारलं.

"तुला कळलं तर कुणालाही कळेल, आई."

पोरगी हसत म्हणाली. पण आमच्या तुळसाचं नाक जंजिऱ्याच्या तटाएवढं. तिला ते झोंबलं.

"म्हंजे मी ढ? नऊ महिने पोटात वागवली, ती काय तू मला अ-आ शिकवावंस म्हणून?"

दोन महिने तिनं एकही धडा उघडला नाही. प्रज्ञा आपली एकेक चढवत राहिली. सात झाले. आठव्याचं नुसतं नाव टाकून ठेवलेलं. 'माझी सही'.

मग एका सकाळी प्रज्ञा म्हणाली, "आज संध्याकाळी आठवा करू. व्हिडिओत तुझाच हात दाखवायचाय, सही करताना."

"गावभर शोभा करायची हाय माझी? तुझं तू बघ."

प्रज्ञानं स्कूटी काढली. फाटकातून ओरडली, "आई, येते गं!"

आमच्याकडे बाहेर पडणारं माणूस 'येते' म्हणतं आणि घरातलं माणूस 'ये' म्हणतं. कितीही भांडण असो, तेवढं म्हणतंच.

तुळसा सुपातले तांदूळ निवडत राहिली.

बोलली नाही.

नागावच्या वळणावर रस्त्यात वाळू सांडलेली. स्कूटी घसरली. अकराच्या आत निरोप आला.

विहारात तिच्या मागचं पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. मग एका रविवारी रचना आली, प्रज्ञाबरोबर काम करणारी. दारातच घुटमळली.

"काकी, कसं सांगू... शुक्रवारी अर्धवट राहिलेले अभ्यासक्रम काढून टाकणार आहेत. त्यात प्रज्ञाचाही जाईल."

"म्हंजे तिचा आवाज?"

"सगळंच."

"काय केलं तर ऱ्हाईल?"

"आठही धडे तुम्ही पूर्ण केलेत तर तो खुला होईल. मग त्याला कोणी हात लावत नाही. पण आठवा रिकामाच आहे. त्यात भर घालायची मुभा फक्त प्रज्ञाला होती, आणि तिचा पासवर्ड तिच्याबरोबर गेला."

तुळसानं डोळे पुसले. "सात तर करते. पुढचं पुढं."

सोमवारपासून तुळसा तिच्या ओटीवर बसली. मांडीवर पाटी, समोर मोबाईल. मी रोज येऊन शेजारी भिजवलेले वाल सोलत.

प्रत्येक धड्यात प्रज्ञा म्हणायची, "आता तू लिही." दहा-एक सेकंद गप्प राहायची आणि पुढे जायची. तुळसाचा हात जड. निम्मं अक्षर व्हायच्या आत लेक पुढे गेलेली असायची.

"थांब की जरा!" तुळसा मोबाईलवर खेकसायची. "जल्माची घाई हिला!"

आणि मग पदर तोंडात कोंबायची. धडा पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी दुपारी सातवा पूर्ण झाला. त्याखाली आठव्याचं नाव उजळलं. तुळसानं बोट टेकवलं.

काळा पडदा. चित्र नाही, आवाज नाही.

"रिकामाच हाय, अक्का."

ती मोबाईल ठेवणार, तोच...

स्कूटीचा आवाज. मोबाईलमधून. लांबून आला, जवळ आला, थांबला.

मग कुणीतरी श्वास घेतला.

"आई, पाटी घे."

माझ्या हातातला वाल गळून पडला.

"सावकाश. आधी तुझं नाव. आता तू लिही."

दहा सेकंद गेले. मिनिट गेलं. आवाज पुढे सरकेना. पडदा काळाच. तुळसाचं अक्षर वाकडं गेलं, तिनं पदरानं पुसायला घेतलं.

"पुसू नको."

पदर तिच्या हातात तसाच राहिला.

"सही वाकडी तर वाकडी. तुझी आहे ना?"

आधी भरून ठेवलेल्या आवाजाला पाटी दिसते का हो? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही सांगा.

तुळसानं लिहिलं. पूर्ण नाव. किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण लेक थांबली. पहिल्यांदाच थांबली. शेवटचं अक्षर झालं आणि मोबाईलमधून हसू आलं, तेच खट्याळ.

"बघ. कळलं ना?"

"प्रज्ञा..." तुळसा मोबाईल छातीशी धरून बोलू लागली. "बाळा, मला राग न्हवता गं. म्हंजे व्हता. पण एवढा न्हाय. एवढा न्हाय गं..."

आणि मग...

"आई, येते गं."

ती थांबून राहिल्याची शांतता.

"बोल की," मी तुळसाला ढोसलं.

"बोलले की जाईल ती, अक्का."

तेवढ्यात स्कूटी चालू झाल्याचा आवाज आला. या वेळी मोबाईलमधून नव्हे.

फाटकातून.

मी मान वर केली नाही. खोटं कशाला सांगू, धीर झाला नाही. फाटक बंद होतं एवढं मला ठाऊक होतं, कडी मीच लावली होती.

तुळसानं फाटकाकडे तोंड केलं. ओठ हलले, आवाज फुटेना. तिसऱ्यांदा फुटला.

"ये. ये बाळा... सावकाश चालव."

आवाज नागावच्या बाजूला गेला. विरला. मोबाईलवर आठव्यापुढे 'पूर्ण' अशी खूण आली.

शुक्रवारी रचनाचा फोन. अभ्यासक्रम खुला झाला होता.

"काकी, आठव्यात काय होतं? आमच्याकडे अजून रिकामाच दिसतोय."

तुळसानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि... त्याखाली नववा आलाय. नाव नाही. सगळ्यांपासून लपवलेला आहे, फक्त तुम्हाला दिसेल असा. पण उघडत नाहीये."

ह्याला चार महिने झाले. फाटकाची कडी तुळसा आता लावू देत नाही. रोज एकच्या सुमाराला पाटी घेऊन ओटीवर बसते. मी साडेबारालाच माझ्या घरी निघते. येते म्हणते, तीही ये म्हणते. न विसरता.

परवा निघताना धीर करून विचारलं, "नवव्यात काय असेल गं?"

तिनं पाटी स्वच्छ पुसली.

"मला काय ठाऊक, अक्का? शिकवणारी ती."