मेंढरांच्या चालीनं

बसा असे आत, कंदिलापाशी. लाइट गेलीय, ती येईपर्यंत तुमच्या जीपला हात लावता येणार नाही. तोवर चहा घ्या. आणि तो अंगणातला हिरवा ट्रक म्हणाल, तर तो विकायचा नाही. इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पाटणात गिअरबॉक्स उघडणारे मिस्तरी पुष्कळ आहेत, पण मोठ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअर म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. फौजेच्या वर्कशॉपमध्ये माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. त्यामुळे तानाजीने तो ट्रक माझ्याकडे आणला, यात नवल काही नव्हतं. तानाजी फौजेत ड्रायव्हर होता. पेन्शनीत आल्यावर लष्कराच्या लिलावातून त्याने हा म्हातारा ट्रक उचलला, उसाचं बेणं आणि खत वाहायला. क्लच नसलेला ट्रक पंचक्रोशीत एकट्याकडेच, म्हणून मिरवायचाही फार.

मला तो माणूस कधी आवडला नाही, उगाच गोड कशाला बोलू? गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर त्याच्या चाकाखाली बयाबाई नावाची धनगराची म्हातारी गेली. आटपाडीकडची ही माणसं दरवर्षी मेंढरं घेऊन कोयनेच्या वाटेने कोकणात उतरतात आणि मृगाच्या आधी माघारी फिरतात. म्हातारी कळपाच्या अगदी शेवटी चालत होती, खांद्यावर लंगडं कोकरू घेऊन. 'गाडी उभीच हुती, गिअर आपोआप पडला,' असं तानाजीने सगळ्यांना सांगितलं. ऑटोमॅटिकमधलं कुणाला काय कळतंय? लोकांनी माना डोलावल्या. म्हातारीच्या लेकाने, बिरदेवने, नदीकाठी आईला अग्नी दिला आणि मेंढरं घेऊन तो पुढे गेला. मेंढरांना सुतक पाळता येत नाही.

यंदा दिवाळी झाली, तसा तानाजी ट्रक घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"केरबा, गिअर चढंना झालाय. पयल्यातच अडकतोय."

"कायम अडकतोय?"

"न्हाई. कवा कवा. बाकी लय झ्याक पळती."

हे 'कवा कवा' म्हणजे मिस्तरीच्या जिवाला घोर. कायमचा दोष सापडतो. जो मनात येईल तेव्हा येतो आणि मनात येईल तेव्हा जातो, तो माणसाला वेडं करतो. पण माझी एक रीत आहे. घाई करायची नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.

इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर ते मोजायची पट्टी काढून बघितली. तेल पुरेसं होतं, रंगही लाल. करपलेला वास नाही. मात्र दुसराच एक वास होता, आणि तो मला पटकन ओळखता येईना. मग लिव्हरची तार बघितली, वायरींचे जोड उघडून साफ केले. सगळं ठीक. शेवटी गिअरबॉक्सचं खालचं चेंबर उतरवलं.

आतल्या, तेल गाळायच्या जाळीला लोकर गुंडाळली होती. काळी, तेलात भिजलेली. बोटांनी ओढावी तर लांबच लांब निघत होती. तेव्हा तो वास कळला. पावसात भिजलेल्या मेंढराचा होता.

"उंदरानं न्हेली आसंल," तानाजी म्हणाला.

"सील केलेल्या डब्यात, उकळत्या तेलात?" मी म्हणालो. "लय हुशार उंदीर दिसतोय तुझा."

तो हसला नाही. मी नवी जाळी घातली, नवं तेल भरलं आणि एकटाच चक्कर मारून आलो. ट्रक असा पळाला की कोऱ्या गाडीला लाज वाटावी. मग तानाजीला शेजारी बसवून निघालो, तर गाडी पहिल्यातून हलेना. त्याला उतरवलं, गिअर चढला. पुन्हा बसवलं, पुन्हा अडकला. वजनाचा प्रश्न असेल म्हणून त्याच्या जागी सिमेंटची पोती ठेवली. पोती घेऊनही गाडी झकास पळाली. एवढं झाल्यावर मला दोष सापडला होता, पण तो तोंडाने म्हणवत नव्हता.

"कुठल्या रस्त्याला जास्त हुतं?" मी विचारलं.

त्याने कोयनेच्या बाजूला नुसती मान वळवली.

दिवस मावळायच्या सुमारास आम्ही तिकडे निघालो. मी चालवत होतो. गाव मागे पडलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगायला लागली. मी पाय दाबला, इंजिन ओरडलं, पण वेग तेवढाच राहिला. माणूस सहज चालेल तेवढा. रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना ऊस, त्यात वारा नाही. खिडक्या बंद असूनही केबिनमध्ये तो ओल्या लोकरीचा वास भरत गेला. मग आवाज आला. ट्रकच्या पुढून, अगदी बंपरला लागून, डांबरावर बारीक खुरांची टपटप. पुष्कळ खुरांची. पुढे काहीच नव्हतं.

"ऐकतोयस?" मी विचारलं.

"रोज ऐकतो..." तानाजी पुटपुटला.

मी गाडी थांबवून त्याला खाली उतरायला लावलं आणि पुढे निघालो. लगेच दुसरा गिअर पडला, तिसरा पडला. आरशात बघितलं, तर तानाजी रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभा होता, हात छातीशी धरून. कळपाच्या मधोमध सापडलेला माणूस असा उभा राहतो. वळून आलो आणि त्याला आत घेतलं. मग तो स्वतःहूनच बोलायला लागला.

"गिअर न्हवता पडला, केरबा... मीच बिरेक सैल सोडला हुता. ही गाडी बिरेक सोडला की आपसूक रांगती, तुला म्हाईत हाय. मेंढरं आडवी आली की मी तसंच करतो. मागनं जरा जरा रेटायचं, भिऊन सरत्यात. म्हातारी सरंना."

"काय म्हनली ती?"

"वळून बघितलं. 'आमच्या मागनं चाल की रं बाबा,' म्हनली. 'मेंढरांच्या चालीनं चाल...'"

खुरांचा आवाज थांबला होता. कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटलं.

"तानाजी, बिरदेवचा कळप उद्या ह्याच रस्त्यानं जायचाय. त्याला गाठ आनि सांग," मी म्हणालो. "बाकी काय औषद न्हाई ह्याला."

तेवढ्यात त्याच्यातला जुना तानाजी जागा झाला. "सांगून काय म्हातारी माघारी येती? उलट तुला कुणी इचारलं, तर गिअर खराब हुता म्हन."

"गिअर ठणठणीत हाय."

"मग तुझा-माझा संबंध सरला," असं म्हणून त्याने स्टिअरिंग स्वतःकडे घेतलं, मला गॅरेजच्या दारात उतरवलं आणि ट्रक घेऊन गेला. पहिल्या गिअरमध्ये, रांगत. मी बघत राहिलो. मला त्याची कीव आली नाही.

सकाळी पोलिसांनी मला बोलावून नेलं. त्याच वळणावर ट्रक उभा होता आणि तानाजी पुढच्या चाकाखाली होता. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, लिव्हर न्यूट्रलमध्ये. चावी तानाजीच्या सदऱ्याच्या खिशात. चाकाचा माग कडेच्या धुळीतून सरळ, सावकाश आला होता, आणि त्या मागावर बारीक खुरांचे ठसे पसरले होते. बिरदेवचा कळप तेव्हा कुठे लांबून येताना दिसत होता.

"मिस्तरी, बंद गाडी पुढं गेली कशी?" हवालदाराने विचारलं.

तोवर मेंढरं येऊन थांबली होती आणि बिरदेव माझ्याजवळ उभा होता. मला तानाजीचा राग होता, तो मेल्यावरही होता. त्याचंच वाक्य त्याच्या अंगावर टाकावं, एवढीच खुमखुमी. मी म्हणालो, "गिअर आपोआप पडला आसंल."

हवालदाराने मान डोलावली. पण बिरदेवचा चेहरा सैल झाला. वर्षभर आत धरून ठेवलेलं काहीतरी त्याने तिथे सोडून दिलं. त्याने मला हात जोडले.

"म्हंजे तानाजीराव खरंच बोलले हुते म्हनायचं," तो म्हणाला. "मी उगाच त्येंच्यावर डूख धरला. आवं, आईला मारणारी ती गाडीच की."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण हवालदार समोर होता, आत्ताच दिलेला जबाब कसा फिरवायचा? मेंढरं पुढे सरकली. बिरदेव त्यांच्या मागे गेला आणि त्या म्हातारीचं खरं माझ्यापाशीच राहिलं. तेव्हाच मला भेकडाला आपलं वाटोळं कळायला हवं होतं.

तानाजीच्या घरच्यांना ट्रक नको होता. ओढून आणला आणि माझ्याच अंगणात ठेवला, फाटकाला लागून. पुढच्या चाकांना दगड लावले. सकाळी उठून बघतो, तर दगड मागच्या बाजूला आणि ट्रक थोडा अलीकडे. उतार आहे असं वाटलं. पाण्याची पातळी धरून बघितली, उतार फाटकाकडे आहे, माझ्या घराकडे नाही. मग मी गिअरबॉक्सच उतरवून काढला. तो बघा, तुमच्या पायाशी, ताडपत्रीखाली.

बिरदेवचा ठावठिकाणा लागत नाही. फोन लावतो, कोकणात रेंज नसते. दोनदा मी स्वतः घाट उतरून शोधून आलो. आता मृगाच्या आधी तो ह्याच वाटेने परतेल, तेव्हा रस्त्यात आडवा होऊन त्याला सगळं सांगणार आहे. तोवर मला निभवायचं आहे, बस्स.

तुम्ही दाराकडे तोंड करून बसलाय. कंदील जरा उचला आणि बघून सांगा, ट्रक कुठे आहे? काल तो फाटक सोडून चिंचेखालपर्यंत आला होता. मी बघत नाही... मला वास येतोय.