चाळीस गाड्यांचा वायदा

विमा कचेरीतल्या मुकुलचा जीव दोनच गोष्टींवर होता. एक बायको श्रद्धा, दुसरी 'सारंग' नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी. क्रम मात्र अधूनमधून बदलतो, असं श्रद्धा म्हणायची.

अडुसष्ट साली पुण्याकडच्या एका छोट्या कारखान्यानं ही गाडी काढली आणि वर्षभरात गाशा गुंडाळला. कागदपत्रं जळाली. एकूण किती गाड्या बनल्या, हे सांगणारं कुणी उरलं नाही. मुकुल बारा वर्षं गाड्यांच्या सांगाड्यावर ठोकलेले चेसिसचे नंबर गोळा करत हिंडला. छत्तीस सापडले. पुस्तक छापायला तयार होतं, फक्त शेवटचा आकडा अडला होता. आणि आता कळलं होतं, की नंबर ठोकणारे कारागीर रखमाजी मूळचे कुंभार पिंपळगावचे, आणि शेवटची गाडी त्यांच्याच शेडात उभी आहे.

स्वतःची गाडी गॅरेजात होती, म्हणून श्रद्धाची पांढरी गाडी घेऊन तो दुपारीच जालन्याहून निघाला. वाटेत चहालासुद्धा थांबला नाही.

रखमाजींच्या विधवा पत्नी, नंदाबाई, शेडाच्या दाराशी बसल्या होत्या. मुकुलनं आधी श्रद्धाच्या गाडीचं बॉनेट उघडून चेसिस नंबरवर कागद धरला आणि पेन्सिल घासली. ही त्याची रीत. कामाआधी एक आणि कामानंतर एक, अशी घरच्या गाडीची छाप घ्यायची. दोन्ही सारख्या आल्या, की मधल्या छापा खऱ्या.

शेडात सरकीचा जुनाट वास होता. कापडाखाली सारंग उभी होती, लाल, बुटकी. मुकुल लगेच खाली वाकला. नंबरच्या जागी मात्र बोटभर जाड शेंदूर होता. शेजारच्या ट्रॅक्टरवरही तसाच.

"दर दसऱ्याला चढवतो," नंदाबाई म्हणाल्या. "आमच्यात नंबर उघडा ठेवत न्हाईत. झाकला की आमचे मालक गेल्यावरबी गप राहतेत."

"मावशी, पाचच मिनिटं..."

"पुसू नका, साहेब. कारखान्यात चाळीस गाड्यांचा वायदा झाल्ता. सदतिसावर कुलूप लागलं. त्ये मरेस्तोवर म्हणत व्हते, चाळीस पुरे करीन." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "हा ट्रॅक्टर त्ये गेल्यावर घेतला. कल्याण, माझा ल्योक, एक दिवस रानात घेऊन गेला. सांजच्याला ट्रॅक्टर आपल्या आपणच शेडात आला. कल्याण न्हाई आला."

मुकुलनं मान हलवली. ऐकलं म्हणजे, कानांनी ऐकलं. मनात एकच आकडा नाचत होता. नंदाबाई चहा ठेवायला उठल्या, तशी त्यानं रॉकेलची चिंधी काढली.

शेंदराची खपली उचकटली. त्यानं कागद धरला, पेन्सिल घासली. ३७. तिनाचं खालचं पोट तुटलेलं. रखमाजींच्या तिनाच्या ठोकण्याचा, म्हणजे आकडा उठवायच्या पोलादी ठशाचा, टवका उडालेला होता, आणि ती खूण जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मुकुलला नाचावंसं वाटलं. बारा वर्षांचं सार्थक झालं होतं.

मग राहवेना. ट्रॅक्टरचाही शेंदूर त्यानं खरवडला. कंपनीच्या नंबराखाली आणखी एक आकडा होता. ३८. पोट तुटलेला तीन. आनंदाच्या भरात त्यानं हाही कागद घडी घालून ठेवला.

ठक.

शेडाबाहेर, लोखंडावर लोखंड पडल्यासारखं.

ठक... ठक.

तो बाहेर आला. कुणी नव्हतं. श्रद्धाच्या गाडीचं बॉनेट त्यानं उघडंच टाकलं होतं. रीतीप्रमाणे नंतरची छाप घेतली आणि न बघताच पिशवीत सारली. पत्र्याला हात लागला तेव्हा चटका बसला. ऊन तापलंय, असं त्याला वाटलं.

नंदाबाई चहा घेऊन आल्या. त्याच्या बोटांवरचा शेंदूर त्यांनी पाहिला. रागावल्या नाहीत. "तुमचा फोन नंबर लिहून देऊन जा," एवढंच म्हणाल्या.

दिवेलागणीला तो घरी पोचला. श्रद्धा दारातच होती. चावी घेत म्हणाली, "सापडली का तुझी सवत?"

"सदतीस, श्रद्धा! बरोबर सदतीस!"

ती हसली. "आलेच भाजी घेऊन. मग सांग सगळं."

गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला. मुकुलनं टेबलावर चारही छापा ओळीनं मांडल्या. घरच्या गाडीची आधीची छाप ठीक होती. ३७ सुंदर उतरला होता. ३८ही.

चौथा कागद उलगडला. घरच्या गाडीचा ओळखीचा नंबर, आणि त्याच्याखाली, ताजा, खोल, पोट तुटलेला तीन. पुढं नऊ.

तो तसाच उठला आणि श्रद्धाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. घड्याळात पाहिलं, तिला जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. तेवढ्यात त्याच्याच फोनची घंटी वाजली.

"साहेब, मी नंदाबाई," आवाज अगदी दबका होता. "तुमची पांढरी गाडी परत आलीय. शेडात शिरून उभी राह्यली."

जालना ते कुंभार पिंपळगाव दीड तासाची वाट. मुकुलनं फोन कानाशी दाबला. "मावशी... आत... बाई आहे ना आत?"

 पलीकडून, लांबून, शेडाच्या आतून, ठक.

"आत कुणीच न्हाई, साहेब," नंदाबाई म्हणाल्या. "डायव्हरच्या शिटाचा पट्टा मातर लावलेलाच हाय."