टाकाला मोकळं सोडायचं कुठे?

“टाका! टाका!! अरे टाकाऽऽ!”

मी जिवाच्या आकांतानं ओरडले, आणि समोरून येणाऱ्या माणसानं खरंच टाकलं.

त्याच्या खांद्यावर पिवळ्या पायांची उंच तिपाई होती. ती धाडकन गटारात गेली. तो दोन्ही हात वर करून, डोळे घट्ट मिटून भर रस्त्यात उभा. माझ्या हातातला पट्टा सोडवून पळालेला कुत्रा त्याच्याभोवती दोन चकरा मारून त्याच्याच बुटावर बसला.

“टाकली,” तो डोळे न उघडता म्हणाला. “आता काय करू?”

मी आ वासून बघतच राहिले. “अहो, पण तुम्ही ती टाकलीत कशाला?”

“तुम्हीच ओरडलात ना! मला वाटलं, वर विजेची तार लोंबतेय.”

“टाका हे माझ्या कुत्र्याचं नाव आहे!”

त्यानं एक डोळा उघडला. कुत्र्याकडे बघितलं. मग दुसरा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. भुरभुर पाऊस पडत होता, त्याच्या भुवईवर एक थेंब अडकला होता. आणि मला त्या क्षणी, काही कारण नसताना, तो थेंब पुसावासा वाटला. मी हादरलेच! अहो, ओळख ना पाळख!

“कुत्र्याचं नाव… टाका?”

“मावशीनं ठेवलंय. ती शिवणकाम करते. धाग्याचा टाका.”

“बरं झालं, तिनं ‘कापा’ नाही ठेवलं,” तो म्हणाला आणि गटारात उतरला.

तो जमिनींची मोजणी करायचा. मोजणीदार. तिपाईवर दुर्बीण लावायची, कुणाचं कुंपण कुठवर आहे ते बघायचं आणि वहीत मांडायचं. दुर्बीण पाठीवरच्या पेटीत होती म्हणून वाचली. तिपाईचा एक पाय मात्र वाकला. मी माफी मागत होते, तो ‘असू द्या, असू द्या’ करत होता, आणि टाका त्याच्या बुटाची नाडी खात होता.

“याला मोकळं का नाही सोडत? अंगात किती वारं भरलंय बघा.”

“सोडू कुठे? आणि सोडला तर परत कोण आणून देणार? हाक मारली की हा शेपटी हलवतो, गोड हसतो आणि उलट्या दिशेनं सुटतो.”

“कुठे सोडायचं ते माझ्यावर सोडा,” तो म्हणाला. “या गावातली एकेक मोकळी जागा माझ्या वहीत आहे.”

ती वही बघायला मी दुसऱ्या दिवशी भेटायचं कबूल केलं. वही बघायलाच, बरं का.

आता खरं सांगते, माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता. मावशी मुलाकडे राहायला गेली, तिथल्या इमारतीत कुत्रा चालत नाही, म्हणून टाका आमच्याकडे आला. आल्या आल्या त्यानं उशी फाडली, दाराची चौकट कुरतडली. ते बाबांनी सोसलं. पण रस्त्यातल्या त्या गोंधळाच्या आदल्याच दिवशी त्यानं बाबांची कवळी खाल्ली.

मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. दिवसभर मेण, प्लास्टर आणि दुसऱ्यांचे दात. बाबांची कवळी मी स्वतः घडवली होती, एकेक दात निवडून. बाबा त्या दिवशी बोळक्या तोंडानं इतके तावातावानं बोलले की निम्मं मला कळलंच नाही. कळलं ते एवढंच — येत्या रविवारच्या पुढच्या रविवारपर्यंत हा कुत्रा सुधारला नाही, तर मावशीच्या दिरांच्या शेतावर जाईल. राखणीला. साखळीला बांधून.

साखळीला मी त्याला मुळीच जाऊ देणार नव्हते. मी मावशीला फोन केला. “अगं, तू त्याला बोलवायचीस कशी?”

“बोलवायला कधी लागलंच नाही,” मावशी म्हणाली. “दिवसभर माझ्या मशीनखाली झोपायचा. काम उरकलं की आपणहून उठून पायाशी यायचा.” आणि ती रडायलाच लागली, मग मी पुढे काही विचारलं नाही.

थोडक्यात, टाकाला रोज दमेपर्यंत पळवायला हवं होतं, आणि माझ्याजवळ दिवस होते बारा.

पहिली जागा पाण्याच्या टाकीमागची. मोजणीदार आधीच तिथे जाऊन बसला होता. “नको,” तो लांबूनच म्हणाला, “पहाटे बघून गेलो. काचा आहेत.” दुसरी जागा खेळाचं मैदान. तिथे टाकानं लांब दोरीसकट धावत जाऊन चालू सामन्यातला चेंडू पळवला, आणि दोन्ही संघ एक होऊन आमच्या मागे लागले. मी आयुष्यात इतकी पळाले नव्हते! तिसरी जागा बंद पडलेली वीटभट्टी. जागा झकास, पण तिथे एक म्हातारी गाढवीण राहत होती, आणि तिनं टाकाकडे असं काही बघितलं की तो माझ्या मागे येऊन लपला.

प्रत्येक जागा मोजणीदार आधी जाऊन बघायचा. कुंपणाला भोक आहे का, विहीर उघडी आहे का. त्याच्या वहीत नकाशे होते, आणि आता नकाशांच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं — ‘टाकासाठी योग्य’, ‘टाकासाठी अयोग्य, गाढवीण.’ ते वाचून मला गंमत वाटायची आणि मी तेच पान पुन्हा उलटून बघायचे.

“तुम्ही सगळंच मोजता का हो?” मी एकदा विचारलं.

“सवयच लागलीय. आता बघा, भट्टीपासून तुमच्या प्रयोगशाळेपर्यंत सातशे बारा पावलं आहेत.”

“कुणाची?”

“माझी. म्हणजे… येताना सातशे बारा.”

“आणि जाताना?”

त्यानं वही मिटली. “जाताना नऊशेच्या वर जातात. पाय उचलत नाहीत लवकर.”

मी खाली वाकून टाकाचा पट्टा उगाच घट्ट केला. कान इतके तापले होते की वर बघायची सोय नव्हती.

शनिवारी संध्याकाळी तो प्रयोगशाळेपाशी आला. उद्या शेवटचा रविवार. “आता एकच जागा उरलीय,” तो म्हणाला. “जुन्या सूतगिरणीचं आवार. चारही बाजूंनी भिंत. आत्ता जाऊन बघून येतो.”

“चहा तरी घेऊन जा,” मी म्हणाले.

एका चहाचे तीन झाले. मी त्याला मेणातले दात दाखवले, त्यानं एका दाढेला ‘उत्तरेकडून जरा कलतेय’ असं सांगितलं, आणि ती खरंच कलत होती! उठलो तेव्हा कुलूप लावायला आलेले प्रयोगशाळेचे डॉक्टर आमच्याकडे बघून खाकरत होते.

रविवारी सकाळी आम्ही गिरणीच्या आवारात शिरलो. गुडघाभर गवत, ओलं. लांबच लांब लाल भिंत. मी टाकासमोर बसले.

“नक्की ना?”

“नकाशावर चारही बाजूंनी भिंत आहे,” तो म्हणाला.

मी पट्टा सोडला.

एक क्षण टाकाला कळलंच नाही. मग तो सुटला… असा सुटला! कान मागे, पोट जमिनीला टेकलेलं, गवत दोन्हीकडे फाकत जातंय. मी हसत होते, रडत होते, मोजणीदाराची बाही धरून उड्या मारत होते. टाका पार टोकाच्या भिंतीपाशी गेला… आणि भिंतीत नाहीसा झाला.

“अहो… तो कुठे गेला?”

आम्ही धावलो. भिंत कोसळली होती. गवतामुळे लांबून दिसत नव्हतं, पण बैलगाडी जाईल एवढं खिंडार होतं. पलीकडे उतार, उताराखाली रस्ता, आणि रस्त्यावर ट्रकचे भोंगे. मी हाका मारून मारून घसा फोडला. मोजणीदार उतरून पार रस्त्यापर्यंत जाऊन आला. टाका नव्हता.

“नकाशावर भिंत आहे…” तो पांढऱ्याफटक चेहऱ्यानं पुटपुटला.

“नकाशा कधीचा आहे?”

त्यानं वही उघडली आणि पुन्हा मिटली.

“कधीचा?”

“एकवीस वर्षांपूर्वीचा.”

मी थिजले. “आणि तुम्ही येऊन बघितलं नाहीत? गाढविणीपर्यंत सगळं बघून येणारे तुम्ही, आणि इथे नाही बघितलंत?”

“काल बघायला येणार होतो. पण तुम्ही चहा घेऊन जा म्हणालात, आणि मला… मला उठवेना.”

“म्हणजे चूक माझी?”

“नाही, नाही! माझीच. मी फक्त…”

“त्याला साखळीपासून वाचवायला आणलं होतं मी! मावशीला काय तोंड दाखवू?” मला रडू आवरत नव्हतं, आणि रडू आलं की माझा आवाज चढतो. “तुमची ती वही, ते नकाशे, ती पावलं… काही नको मला. तुमचं-माझं जे काही होतं ना, ते संपलं! ऐकलंत? संपलं!”

माझा आवाज गिरणीच्या भिंतींवर आपटून परत आला. त्याचा चेहरा एवढासा झाला. त्यानं मान खाली घातली.

आणि खिंडारातून एक कान दिसला.

मग दुसरा. मग अख्खा टाका, चिखलानं माखलेला, जीव खाऊन धावत येणारा. सरळ आला, माझ्या पायाशी धपकन बसला आणि शहाण्यासारखा वर बघायला लागला. जणू काही म्हणत होता — चला, निघायचं ना?

मी त्याला गच्च मिठी मारली. मोजणीदारही माझ्या बाजूला मटकन बसला.

“आत्ता काय म्हणालात तुम्ही?” त्यानं हळूच विचारलं.

“कधी?”

“तो यायच्या आधी.”

“संपलं, म्हणाले.”

टाका ताडकन उठला आणि शेपटी हलवायला लागला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मग मोजणीदारानं खिंडारात हात पसरून ठाण मांडलं, मी लांब काठी भिरकावली, टाका तिच्यामागे सुटला. शंभर पावलांवर पोचला असेल. “संपलं!” मी ओरडले. काठी तिथेच सोडून तो गर्रकन वळला! एकदा नाही, पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा आला.

मी तिथूनच मावशीला फोन लावला. सगळं ऐकून ती खो-खो हसायला लागली. “अगं बाई! रोज संध्याकाळी शेवटचा धागा तोडला की मी म्हणायचे, संपलं! मग मशीन बंद, आणि आम्ही दोघं फिरायला. म्हणून आपणहून यायचा मेला! माझ्या कशी लक्षात नाही आली गं ही गोष्ट?”

फोन ठेवला. गवतात आम्ही तिघं. पाऊस कधी सुरू झाला कळलंच नव्हतं. त्याच्या भुवईवर पुन्हा एक थेंब अडकला होता.

“मघाचं ते…” तो गवताची काडी मोडत म्हणाला, “‘तुमचं-माझं संपलं’… ते कुणासाठी होतं?”

“तुमच्यासाठीच होतं. पण आला तो.”

“मीही आलो असतो. पण मी कुठे गेलोच नव्हतो.”

मी टाकाच्या पाठीवरचा चिखल खरवडायला लागले.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “पण धीर होत नाही.”

“विचारून टाका.”

टाकानं मान वर केली. आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता तो एकदम थांबला. “तू मला आवडतेस,” तो म्हणाला. “विचारायचं वेगळंच होतं, पण… हेच आहे.”

तू! तुम्ही नाही, तू! मला धक्काच बसला, आणि त्या धक्क्यातच माझा हात पुढे गेला आणि मी त्याच्या भुवईवरचा थेंब पुसला. “मला पण,” मी म्हणाले. “पण यापुढे भिंत आधी बघायची. चहा नंतर.”

त्या दुपारी टाका घरी असा आडवा झाला की हलेना. बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी मुद्दाम मी घडवलेली नवी कवळी काढून स्टुलावर ठेवली आणि समोर खुर्ची टाकून तासभर पहारा दिला. टाकानं एक डोळा उघडला, कवळीकडे बघितलं, आणि कूस बदलून झोपला. बाबांनी कवळी धुऊन तोंडात बसवली. “शेतावर कळव,” ते म्हणाले, “तो येत नाही म्हणून.”

पुढच्या शनिवारी मी बाबांना दुसरी गोष्टही सांगितली. त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “बघू दे तरी, कोण आहे.”

रविवारी मी त्यांना गिरणीच्या आवारात घेऊन गेले. मोजणीदार आमच्या आधी टाकाला घेऊन गेला होता. खिंडारापाशी त्यानं चार दिवस खपून विटा रचल्या होत्या, आणि शेवटच्या दोन विटा बसवत तो पार पलीकडे वाकला होता. टाका त्याच्या आसपास हुंदडत होता. बाबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मान उंच करून बघायला लागले.

“संपलंऽऽ!” मी जोरात ओरडले.

बाबा दचकले. कवळी पडता पडता त्यांनी हातानं सावरली. “अगं! मी अजून नीट बघितलंही नाही त्याला, आणि संपलं?”

मी काही सांगणार, एवढ्यात गवत फाकलं. टाका येत होता. आणि त्याच्या मागोमाग, हातात वीट तशीच घेऊन, तोही धावत येत होता.