सुनीतीकडचा बुधवार

रविवार

"ही मास्तरीण दर आठवड्याला घर का बदलते?"

सुनीतीनं दचकून वही मिटली. ब्रिस्टलच्या त्या कपडे धुण्याच्या लॉन्ड्रेटमध्ये शेजारी बसलेल्याला मराठी वाचता येत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"दुसऱ्याची वही वाचतात का?"

"आईच्या पत्राखेरीज मराठी अक्षर दिसत नाही हो इथं… सॉरी. मी शशिधर. हॉस्पिटलात आहे, सहा महिन्यांच्या पोस्टवर. मग पुढचं गाव."

मशीन घुमत होतं. मग तिनं सांगितलं. अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या इतिहासावर तिचा प्रबंध. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या खेड्यांत मास्तरणीला स्वतःचं घर नसे. पोरांच्या घरी आळीपाळीनं राहायचं, एक आठवडा इथं, एक तिथं.

"म्हणजे वार लावून जेवणारी! माझे आजोबा पुण्यात असेच शिकले. सात वार, सात घरं." तो हसला. "मीही तसाच. रविवारी कधी इथल्या शैलाकाकूंकडे, कधी मधुमतीबाईंकडे."

"आणि बाकीचे वार?"

"टोस्ट."

"बुधवार माझ्याकडे लाव," ती म्हणाली — आणि स्वतःच गोरीमोरी झाली.

सोमवार

कुणी नाही.

मंगळवार

कुणी नाही. तांदूळ निवडले.

बुधवार

खोलीत ताट एकच. ते त्याला. ती पातेल्यातच जेवली.

"पातेल्यात जेवलं की लग्नात पाऊस पडतो म्हणे."

"इथं रोजच पडतो. कुणाकुणाची लग्नं मोजणार?"

असे बरेच बुधवार. एकदा तिनं त्याला एका मास्तरणीची डायरी वाचून दाखवली. 'सगळी माणसं चांगली होती. पण शनिवारी ट्रंक उचलताना, थांब, असं कुणीच म्हणालं नाही.'

तो ताट विसळायला उठला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार

एक ताट. कोरडं.

शेवटचा बुधवार, जुलै १९८७

दोन ताटं.

"नवं घेतलंस? आज? मी शनिवारी स्कॉटलंडात, इनव्हर्नेसला चाललोय, सुनीती."

"माहीत आहे."

वरण निवलं. खिडकीवर बारीक सर. दारात बूट घालताना त्यानं नाडी दोनदा सोडली, दोनदा बांधली.

"थांब," ती म्हणाली.

"कसा थांबू… तिथं हजर व्हायचंय."

"थांबता येणार नाही, ठाऊक आहे मला. तरी कुणीतरी म्हणायला हवं ना."

त्यानं वर पाहिलं. डोळे भरलेले. "बाकीचे सहा वार कुणाला दिलेस?"

"कुणालाच नाही."

"मग ठेव. माझ्यासाठी."

बुधवार

सुनीतीनं दोन ताटं मांडली. एकात वाढलं. स्वतःवरच चिडून दुसरं उचलणार, तोच जिन्याखालचा फोन वाजला. ती वाढलेल्या ताटासकट धावत खाली गेली, पायरीवर बसली.

"जेवायला बसलीस?" पाचशे मैलांवरून आवाज आला. मागं कुठंतरी ट्रॉली खडखडत होती.

"तू काय घेतलंयस?"

"टोस्ट."

"मग बस," ती म्हणाली, "आणि सावकाश जेव."